बांबोळीला कुणी आहे? पहिल्यांदा इयादतीला निघालेल्यांसाठी

गोव्यात ‘अमक्याला बांबोळीला नेलंय’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ 1842 सालचं. पणजीतून ते बांबोळीच्या पठारावर आलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. इस्पितळाचं नाव मात्र कुणी घेत नाही, गावाचं नावच पुरतं. मग घरातली मोठी माणसं कपडे बदलतात, कुणीतरी स्कूटरची चावी शोधतं आणि मंडळी इयादतीला निघतात. इयादत म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणं.

हा लेख अशी मोठी माणसं ज्यांच्याजवळ इथं नाहीत त्यांच्यासाठी आहे. रत्नागिरी, बेळगाव, कोल्हापूरहून वेर्ण्याच्या कारखान्यांत नोकरीला आलेली मुलं, लग्न होऊन फोंड्यात नाहीतर वास्कोत आलेल्या मुली. मी स्वतः बांद्याहून लग्न करून फोंड्याला आले तेव्हा इयादत मला फक्त ऐकून माहीत होती. माहेरी ते काम अब्बांचं. सासूबाईंनी दोन-तीन वर्षं मला बरोबर नेलं, तेव्हा कुठं उमगलं.

आधी शब्दाबद्दल थोडं, कारण सगळं त्यातच आहे. अरबीत इयादत या शब्दाचं मूळ ‘परत येणं’ या अर्थाच्या धातूत आहे. ईदही त्याच धातूतली. दरवर्षी परत येते म्हणून ईद. म्हणजे आजाऱ्याकडे एकदा तोंड दाखवून येणं शब्दाच्या अर्थातच बसत नाही. पहिल्या दिवशी खाटेभोवती वीस माणसं आणि विसाव्या दिवशी एकही नाही, असं मी फार वेळा पाहिलंय.

निघण्याआधी: हक्क कुणाचा

हदीस म्हणजे नबी मुहम्मद यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एका मुसलमानाचे दुसऱ्यावर पाच हक्क सांगितलेत: सलामाला जबाब देणं, आजाऱ्याची इयादत, जनाजामागं (अंत्ययात्रेमागं) जाणं, दावत स्वीकारणं आणि शिंकणाऱ्यासाठी दुआ करणं. हा हक्क आजाऱ्याचा आहे, आपण फक्त देणेकरी. एवढं डोक्यात ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात. मी आले ते त्याला आवडेल का, मी किती वेळ बसावं, काय बोलावं, या सगळ्याचं उत्तर त्याच्याकडून यायला हवं.

सवाबाचं, म्हणजे पुण्याचं, वर्णन मोठं आहे. आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस परत येईपर्यंत जन्नतच्या बागेत फळं वेचत असतो, असं नबींचे सोबती हजरत सौबान यांच्या रिवायतीत, म्हणजे त्यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये, येतं. आमच्या फोंडा तालुक्यात राहणाऱ्याला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, शिरल्यावरचा गारवा आठवला की झालं. हजरत अलींच्या रिवायतीत सकाळी गेलेल्यासाठी संध्याकाळपर्यंत सत्तर हजार फरिश्ते दुआ करतात, असं आहे. पण मला हलवून सोडते ती सहीह मुस्लिममधली हदीस-ए-कुदसी, म्हणजे नबींनी अल्लाहचे बोल सांगितलेली हदीस. कयामतच्या दिवशी अल्लाह म्हणेल, आदमच्या लेकरा, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. बंदा विचारेल, तू तर साऱ्या जगाचा मालक, तुला मी कसा भेटणार? तेव्हा उत्तर मिळेल: माझा अमका बंदा आजारी होता, गेला असतास तर मी तुला त्याच्याजवळ सापडलो असतो.

कधी जायचं

तीन दिवस उलटल्यावरच जावं, अशी एक समजूत जुन्या लोकांत आहे. त्या रिवायतीची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, बहुतेक मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) कमजोर ठरवलीय. कळलं की जायचं. पण आधी घरच्यांना फोन करायचा. ऑपरेशनची तयारी चाललीय, नुकतीच झोप लागलीय, आज कुणाला आत सोडत नाहीत, हे फोनवरच कळतं.

सरकारी इस्पितळात भेटीची वेळ ठरलेली असते आणि प्रत्येक विभागाची वेगळी असू शकते. ती घरच्यांना विचारून घ्या. वॉर्डाच्या दारावरच्या सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालू नका, तो रोज शंभर जणांना तेच सांगत असतो. माणूस घरी असेल तर गोव्याचा एक अलिखित कायदा पाळा: दुपारी एक ते चार कुणाच्या दारावर थाप मारायची नाही. धडधाकट माणूस इथं त्या वेळी आडवा असतो, मग आजाऱ्याचं काय! असर आणि मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजांच्या मधली वेळ उत्तम. रमजानात इफ्तारच्या तोंडावर जाऊ नका, घरच्या बाईचे हाल होतात.

तुम्हालाच सर्दी-खोकला, ताप असेल तर घरी बसा. आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नये, अशी हदीस आहे, आणि प्लेग पसरलेल्या ठिकाणी जाऊ नये, तिथून निघूही नये, हीसुद्धा. 2020-21 मध्ये आम्ही सगळ्यांनी फोनवरच इयादत केली. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवण्यापेक्षा आवाज ऐकवलेला बरा.

काय न्यायचं

रिकाम्या हाती गेलात तरी इयादत पूर्ण होते. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण हातात पिशवी नाही म्हणून न जाणारी माणसं मला माहीत आहेत.

न्यायचंच असेल तर विचारून न्या. मी एकदा शेजारच्या चाचींसाठी तीन आडसरं घेऊन गेले होते. आडसर म्हणजे शहाळं. त्यांना मूत्रपिंडाचा त्रास होता, डायलिसिस चाललेलं. नर्सनं माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि काही न बोलता खाटेखाली सरकवली. मग बाहेर गाठून सांगितलं: शहाळ्यात पोटॅशियम असतं, यांना पाण्याचासुद्धा हिशेब आहे. केळ्याचंही तेच. साखरेच्या रुग्णाकडे मिठाई, हृदयाच्या रुग्णाकडे लोणचं नेऊ नये, हे सगळ्यांना कळतं. शहाळं मात्र सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. आजाऱ्याला खायची जबरदस्ती करू नका, असंही हदीसमध्ये आहे, म्हणून ‘एक घास घे, माझी कसम’ हा प्रकार बंद.

खरी गरज बहुतेक वेळा खाटेशेजारी बसलेल्या माणसाची असते. सावंतवाडी, दोडामार्गहून आलेले नातेवाईक बाहेर व्हरांड्यात चटई टाकून दिवस काढतात. त्यांना एक डबा गरम पेज आणि सोबत सुक्या बांगड्याची चटणी द्या, बघा चेहरा. फोनचा चार्जर, जाड चादर, सुटे पैसे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘तुम्ही दोन तास घरी जाऊन आंघोळ करून या, मी बसतो’ हे वाक्य.

पोचल्यावर

पूर्ण नाव, वॉर्ड नंबर आणि खाट नंबर लिहून घ्या. नुसतं ‘शेख’ म्हणून विचारलंत तर एकाच मजल्यावर चार निघतात. पणजी किंवा मडगावहून कदंबने येत असाल तर चढण्याआधी कंडक्टरला विचारा, कारण सगळ्या गाड्या बांबोळीला थांबतातच असं नाही. आत शिरताना आणि बाहेर पडताना हात धुवा. लहान मुलांना नेऊ नका.

सलाम करा, हळू आवाजात. नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आजाऱ्याच्या डोक्याशी बसत. हजरत साद बिन अबी वक्कास मक्केत आजारी पडले तेव्हा त्यांनी सादच्या कपाळावर हात ठेवला, मग चेहऱ्यावरून आणि पोटावरून फिरवला आणि दुआ केली. साद पुढं कितीतरी वर्षांनी सांगत, तो गारवा मला अजून जाणवतो. घरचं किंवा जवळचं माणूस असेल तर तुम्हीही हात ठेवा. परक्या बाईचा किंवा पुरुषाचा प्रश्न असेल तर शब्दच पुरे. सलाइन लावलेल्या हाताला मात्र कुणीच हात लावू नये.

मग दुआ. दोन-तीन पाठ करून जा. कागदावर पाहून वाचलीत तरी हरकत नाही.

सगळ्यात सोपी: ‘ला बअ्स, तहूरुन इन्शाअल्लाह.’ काळजी नको, अल्लाहनं चाहलं तर हे आजारपण गुनाह धुणारं ठरेल. नबींनी हे एका खेडूत म्हाताऱ्याला म्हटलं होतं. तो वैतागून म्हणाला, कसलं धुणारं, हा ताप म्हाताऱ्याला उकळतोय आणि कबरीकडे नेतोय! त्यावर उत्तर मिळालं, बरं, मग तसंच. मला या हदीसमधला म्हातारा फार ओळखीचा वाटतो. असे आजारी तुम्हालाही भेटतील, चिडलेले, उलटं बोलणारे. त्यांना उपदेश करत बसू नका. मान हलवा.

दुसरी दुआ सात वेळा म्हणायची: ‘अस्अलुल्लाहल-अजीम, रब्बल-अर्शिल-अजीम, अंय्यश्फियक.’ महान अर्शाचा (सिंहासनाचा) रब (मालक) असलेल्या महान अल्लाहकडे मी मागतो, त्यानं तुला शिफा द्यावी, म्हणजे बरं करावं. आजारी बाई असेल तर शेवटी ‘यश्फियकि’. मौतीची घडी आलेली नसेल तर या दुआनं आराम पडतो, असं अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये आलंय.

तिसरी, हजरत आयेशांनी सांगितलेली: ‘अज्हिबिल-बअ्स, रब्बन्नास, इश्फि अन्तश्शाफी, ला शिफाअ इल्ला शिफाउक, शिफाअन ला युगादिरु सकमा.’ हे माणसांच्या रबा, त्रास दूर कर, शिफा दे, शिफा देणारा तूच, अशी शिफा दे की आजार मागं उरू नये.

अरबी जमत नसेल तर मराठीत दुआ करा. माझ्या सासूबाई कायम मराठीतच करत.

काय बोलायचं, काय नाही

‘आमच्या मामालाही हेच झालं होतं, चार महिन्यांत गेला.’ हे वाक्य तुम्ही म्हणणार नाही, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. खाटेसमोर बसल्यावर काहीच सुचत नाही तेव्हा तोंडातून नेमकं तेच निघतं. आजाऱ्याजवळ आणि मयताजवळ चांगलंच बोला, तुमच्या बोलण्यावर फरिश्ते आमीन म्हणतात, अशी हजरत उम्मे सलमांची रिवायत आहे. तोंड उघडण्याआधी ती आठवा. रिपोर्ट मागून वाचू नका. डॉक्टर बदला, अमक्या वैद्याचा काढा घ्या, केरळला न्या, यातलं काही नको. तापाला शिव्याही नकोत: थरथरणाऱ्या उम्मे साइबना नबींनी सांगितलं होतं की भाता जसा लोखंडाचा मळ काढतो तसा ताप खता, म्हणजे माणसाच्या चुका, काढून टाकतो.

मग बोलायचं काय? गोव्यात याचं उत्तर सोपं आहे. मासळी. बाजारात काय आलंय, सुंगटं (कोळंबी) कशी दिली, बंदीचे दोन महिने कधी संपतात. पंधरा दिवस इस्पितळाची पातळ डाळ खाल्लेल्या माणसाच्या डोळ्यांत या विषयानं जी चमक येते ती मी पाहिलीय.

किती वेळ बसायचं

इथं मी माझीच एक गोष्ट सांगते. नवऱ्याचे मोठे चाचा एका इस्पितळात होते. आम्ही पाच बायका आणि दोन मुलं गेलो आणि बसलो. दीड तास. गप्पा रंगल्या, कुणाच्या लग्नाचा विषय निघाला. चाचा हसत होते, मग हसायचे थांबले, मग भिंतीकडे तोंड करून पडले. आम्हाला वाटलं झोप आली. शेवटी त्यांचा मुलगा आला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला म्हणाला, ‘भाभी, जरा बाहेर जाता?’ पडदा ओढला गेला, आणि खाटेखालचं युरिनचं भांडं सरकल्याचा आवाज आला. दीड तास ते माणूस पाच बायकांसमोर ‘मला लघवीला जायचंय’ म्हणू शकलं नव्हतं.

तेव्हापासून माझं गणित दहा मिनिटांचं आहे. उलेमांनीही (धर्मपंडितांनीही) इयादत थोडक्यात आटोपावी असंच लिहिलंय. कूफ्याचे मोठे मुहद्दिस अअमश यांच्याबद्दल सांगतात की आजारपणात भेटायला आलेली मंडळी उठेनात, तेव्हा ते स्वतःच उशी काखोटीला मारून उभे राहिले आणि म्हणाले, अल्लाहनं तुमच्या आजाऱ्याला बरं केलं, आता जा!

अपवाद एकच: आजाऱ्यानं स्वतः बसायला सांगितलं तर. ते ओळखायचं कसं? तुम्ही उठल्यावर तो काय म्हणतो ते ऐका. ‘बरं, या’ म्हणाला तर निघा.

बायकांनी जायचं का, दुसऱ्या धर्माच्या माणसाकडे जायचं का

दोन्हीचं उत्तर हो. मदिनेत हजरत अबू बक्र आणि हजरत बिलाल तापानं फणफणले होते तेव्हा हजरत आयेशा त्यांच्या विचारपुशीला गेल्या होत्या, बुखारीत आहे. पडदा, सोबत कुणीतरी, दार उघडं, एवढं सांभाळायचं.

नबींची खिदमत करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी जाऊन उशाशी बसले होते. गोव्याच्या सरकारी वॉर्डात तर हा प्रश्न कागदावरच राहतो. मधली खाट तुमच्या माणसाची, डावीकडे सांग्याची आजी, उजवीकडे साळशेतचे अंकल, उशाला क्रूस. आपल्या माणसापुरतं पाहून पाठ फिरवणं बरं दिसत नाही. ‘कसं वाटतंय?’ एवढं दोघांनाही विचारा. एकदा मी शेजारच्या खाटेवरच्या आजीची सुटलेली उशी नीट केली, तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, ‘देव बरें करूं गो.’ माझीच दुआ मला कोंकणीत परत मिळाली.

बेशुद्ध असेल तर

‘त्याला कुठं कळणार मी आलोय’ म्हणून टाळू नका. हजरत जाबिर बेशुद्ध होते, आणि नबी अबू बक्रना घेऊन त्यांच्याकडे चालत गेले होते. आयसीयूच्या काचेबाहेर उभं राहून दुआ करा, आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला, भावाला कळू द्या की तुम्ही आलात.

नमाजसाठी मदत

हे फारसं कुणी सांगत नाही. खाटेवरची बरीच माणसं नमाज सोडून देतात. कपडे नापाक, नळी लावलेली, उठता येत नाही, म्हणून लाजतात. मूळव्याधीनं त्रासलेल्या हजरत इमरान बिन हुसैनना सांगितलं गेलं होतं: उभ्यानं पढ, जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर. नळी-पिशवी असलेल्यालाही सवलत आहे. ती नेमकी कशी, हे मोहल्ल्याच्या इमामांना विचारून आजाऱ्याला सांगा.

पाणी चालत नसेल तर तयम्मुम, म्हणजे वजूऐवजी माती किंवा दगडाला हात लावून तो चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवणं. इथं एक बारकावा आहे. शाफई आणि हनफी हे धर्मनियमांचे दोन पंथ. कोकणी मुसलमान बहुधा शाफई आणि दखनी बोलणारे बहुधा हनफी. हनफींना स्वच्छ दगडही चालतो. शाफईंना धूळ असलेली माती लागते. म्हणून आधी विचारा, मग डब्यात कोरडी माती न्या, नाहीतर सपाट दगड. माती आणली तर नर्सला दाखवून ठेवा आणि झाकण घट्ट लावा. किब्ला, म्हणजे नमाजची मक्केकडची दिशा, गोव्यातून पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे. खाट फिरवता येत नसेल तर ओढाताण करू नका.

परत जायचं

कागदपत्रांचं काम दुसऱ्या भेटीत निघतं. पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, 2016 पासूनची. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार. कार्ड कपाटात पडून मुदत संपलेली असते आणि घरचे रडत बसलेले असतात. तुम्ही नुसतं ‘कार्ड कुठंय?’ विचारलंत तरी काम होतं. रक्त लागणार असेल तर तुमच्या खोलीवरच्या मुलांना गोळा करा.

खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले तेव्हा नबींनी त्यांचा तंबू मशिदीतच उभारला, जवळून जाता-येता भेटता यावं म्हणून. आपल्याला तंबू उभारता येत नाही. पण सोमवारी-गुरुवारी असे वार ठरवता येतात, किंवा मोहल्ल्यातल्या चौघांनी वाटून घेता येतं. गर्दीत पहिल्या दिवशी जायला नाही मिळालं तरी चालेल. दहाव्या दिवशी जा, डिस्चार्जनंतर आठवड्यानं घरी जा. तेव्हा कुणी येत नसतं.

त्या चाचांकडे मी महिन्याभरानं घरी गेले, एकटी. शरम वाटत होती. ते अंगणात खुर्चीवर बसलेले, पायाखाली पाट. सलाम केला, दुआ म्हटली, घड्याळात पाहून दहा मिनिटांनी उठले.

‘चाललीस?’ ते म्हणाले. ‘बस गो जरा. आज बाजारात काय मासळी आली होती, ते तरी सांग.’

मी परत बसले आणि पापलेटच्या भावापासून सुरुवात केली.